रुसलेल्या मोटारीचा इतिहास

पुण्याहून दिवे घाट चढून सासवड, जेजुरी व मोरगाव अशी मजल करीत बारामतीकडे निघालेल्या प्रवाशाला नीरेच्या कालव्याचा हिरवा मुलूख लागण्यापूर्वी बराच कोरडा, जिरायती टापू ओलांडावा लागतो. लोणी भापकर हे गाव याच टापूत आहे. गावची दगडी देवालये, खांबांच्या मंडपाने शोभलेली पुष्करणी आणि अंगभर चिमुकल्या आकृती कोरलेला यज्ञवराह यांची कीर्ती जाणकारांत पुष्कळ आहे, आणि ती पाहण्यासाठी शहरातून मोटारी येतात. येणाऱ्यांत एखादी चाळीस-पन्नास वर्षांची जुनी गाडी असली, आणि वराहाचे दर्शन घेऊन मंडळी परत येऊन बसली असता तिने सुरू होण्याचे साफ नाकारले, तर काय करावयाचे? मिस्त्री बारामतीला, ऊन माथ्यावर, गाडीत लहान मुले आणि कोणी वडीलधारे माणूस. प्रश्न क्षुल्लक दिसतो खरा. परंतु त्याच्या उत्तरामागे एकशे चाळीस वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात अनेकांची मनगटे मोडलेली आहेत.

मोटार सुरू होणे म्हणजे काय, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. बैलगाडीला किंवा टांग्याला ‘सुरू’ करावे लागत नाही. बैल जिवंतच असतो. वाफेच्या यंत्राला आधी विस्तव घालावा लागतो, पण एकदा वाफ धरली की ते आपल्या बळाने हलू लागते. पेट्रोलच्या इंजिनाची गोष्ट निराळी. ते स्वतः फिरत असल्याशिवाय त्यात शक्ती उत्पन्न होत नाही, आणि शक्ती उत्पन्न झाल्याशिवाय ते फिरत नाही. दट्ट्या खाली जाऊन हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढतो, वर येऊन ते दाबतो, मग ठिणगी पडते आणि स्फोटाने दट्ट्या खाली ढकलला जातो. यांतले पहिले दोन फेरे कोणी तरी बाहेरून करून द्यावे लागतात. हे ‘कोणी तरी’ म्हणजे प्रारंभी माणसाचा हात होता.

कार्ल बेन्झ याने आपल्या तीनचाकी गाडीचे पेटंट २९ जानेवारी १८८६ रोजी मागितले. त्या गाडीच्या मागच्या बाजूस एक मोठे आडवे चक्र होते. ते हाताने गरगर फिरविले की इंजिन जागे होई. मोटार बिघडणे आणि ती वाटेवर दुरुस्त करणे यांची पहिली प्रसिद्ध हकीकतही याच गाडीची आहे, आणि ती दुरुस्ती एका स्त्रीने केली आहे. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यात बेन्झची पत्नी बेर्था आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मानहाइमहून फोर्झहाइम येथे माहेरी निघाली. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडे अधिक. वाटेत इंधनाची नळी तुंबली, तेव्हा तिने टोपीच्या पिनेने ती मोकळी केली. ठिणगीच्या तारेवरील वेष्टन घासले गेले, तेव्हा मोज्याचा पट्टा गुंडाळून ती तार सुरक्षित केली. इंधन संपले ते वीस्लोख गावच्या औषधाच्या दुकानातून घेतले. या तिन्ही गोष्टी नीट पाहिल्या तर इंधन आणि ठिणगी या दोन ठिकाणीच तिने दोष शोधला, असे दिसते. पुढील शंभर वर्षे जगातील यच्चयावत मिस्त्री ती दोनच ठिकाणे आधी तपासत आले आहेत. बेर्थाबाईंच्या हातात कसलेही पुस्तक नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या बाईंच्या बुद्धीचे कौतुक वाटते.

चक्र जाऊन पुढे हँडल आले. गाडीच्या तोंडाशी, रेडिएटरच्या खाली, भोकात खुपसून फिरवावयाचा हा वाकडा लोखंडी दांडा ज्यांनी वापरला आहे त्यांना त्याची आठवण प्रेमाने येत असेल असे वाटत नाही. हँडलाचा खरा धोका पुढीलप्रमाणे आहे. मिश्रण पेटून सर्व जळावयास थोडा वेळ लागतो. इंजिन वेगात असता तो वेळ भरून काढण्यासाठी ठिणगी दट्ट्या पूर्ण वर येण्याच्या आधीच पाडावी लागते. हाताने हळू फिरविताना मात्र तीच लवकर पडलेली ठिणगी घात करते. दट्ट्या वर येण्यापूर्वीच स्फोट पुरा होतो आणि इंजिन उलटे झटका मारते. तो झटका हँडलातून थेट मनगटात जातो. म्हणून सुकाणूजवळची ठिणगीची कांडी आधी मागे सारावयाची, हँडल डाव्या हाताने धरावयाचे, अंगठा इतर बोटांच्याच बाजूला ठेवावयाचा आणि दांडा खालून वर ओढावयाचा, कधीही वरून खाली दाबावयाचा नाही, असा कडक नियम होता. नियम विसरणारे पुष्कळ होते. मनगटाजवळच्या हाडाच्या एका विशिष्ट मोडीला डॉक्टर लोक ‘शोफर फ्रॅक्चर’ म्हणू लागले, ते याच कारणाने. शोफर या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ भट्टीत विस्तव घालणारा असा आहे. वाफेच्या काळातील तो शब्द पेट्रोलच्या काळात आला, आणि येताना मोडलेले मनगट बरोबर घेऊन आला.

मुंबईत मोटारी दिसू लागल्या त्या १८९८ च्या सुमारास. त्यांच्या पहिल्या मालकांत जमशेटजी टाटा यांचे नाव घेतले जाते. त्याच घराण्यातील सुनी टाटा, म्हणजे जे. आर. डी. टाटा यांच्या मातोश्री, यांनी १९०५ साली मोटार हाकली आणि तसे करणाऱ्या या देशातील त्या पहिल्या स्त्री, असे सांगितले जाते. त्या वेळी हँडलाचाच अंमल होता. गाडी हाकणे आणि गाडी सुरू करणे ही दोन वेगळी कामे होती, आणि दुसरे काम बहुधा पगारी माणसाकडे असे. श्रीमंतांच्या घरी ड्रायव्हर ठेवण्याची जी चाल पडली तिच्या मुळाशी ऐट जेवढी होती तेवढेच हे हँडलही होते.

हा दांडा हद्दपार करण्याचे श्रेय चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअराकडे जाते. बायरन कार्टर नावाचे मोटार-कारखानदार १९०८ साली वारले. एका बाईची बंद पडलेली गाडी हँडल मारून सुरू करून देताना त्यांचा जबडा फुटला व त्यातच त्यांचा अंत झाला, आणि या दुःखाने व्याकूळ होऊन कॅडिलॅकचे हेन्री लेलँड यांनी हँडलाविना सुरू होणारी गाडी करण्याचा निश्चय केला, असे सांगतात. या कथेच्या तपशिलाविषयी इतिहासकारांचे एकमत नाही. पण लेलँड यांनी केटरिंगला काम सांगितले हे खरे. विजेच्या मोटारीने इंजिन फिरवावयाचे तर ती मोटार इंजिनाएवढीच अगडबंब लागेल, असे त्या वेळच्या शहाण्यांचे मत होते. केटरिंग पूर्वी दुकानांतील गल्ल्याची यंत्रे बनविणाऱ्या कारखान्यात होता. गल्ल्याचा खण उघडण्यासाठी त्याने एक छोटी विद्युत्-मोटार योजली होती. ती क्षणभर भरपूर जोर लावी आणि मग विसावा घेई. इंजिन सुरू करण्यालाही काही क्षणच लागतात, दिवसभर नव्हे, हे त्याच्या ध्यानात आले. साधी गोष्ट, पण ती दुसऱ्या कोणाला सुचली नव्हती. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांत हा ‘सेल्फ स्टार्टर’ बसविला गेला. त्याच्याबरोबर बॅटरी भरणारा डायनामो आणि विजेचे दिवेही आले. केटरिंगच्या कंपनीचे संक्षिप्त नाव डेल्को. स्पॅनिश भाषेत गाडीच्या डिस्ट्रिब्यूटरला ‘डेल्को’ असेच म्हणतात. आपल्याकडे स्टार्टरला नुसते ‘सेल्फ’ म्हणण्याची पद्धत पडली. ‘सेल्फ मारला, पण उचलत नाही’ हे वाक्य महाराष्ट्रातील कोणत्याही गॅरेजात आजही ऐकू येते.

सर्वांनी हे सुख ताबडतोब स्वीकारले असे मात्र नाही. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून अधिक खपलेल्या फोर्डच्या टी मॉडेलला विजेचा स्टार्टर १९१९ पासून मिळू लागला, तोही आरंभी काही प्रकारांनाच. थंडीच्या दिवसांत या गाडीच्या गिअरमधील तेल इतके घट्ट होई की हँडल मारताच गाडी मालकाच्या अंगावर चालून येई. यास्तव मागचे एक चाक जॅकवर उचलून मग हँडल मारावे लागे. दख्खनच्या उन्हात ही अडचण फारशी आली नसावी.

१९२६ साली फोर्डची हिंदी शाखा निघाली, १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईस शिवडी येथे सुटे भाग जोडून गाड्या उभारण्याचा कारखाना घातला, आणि अमेरिकन गाड्या जिल्ह्याच्या गावांपर्यंत जाऊ लागल्या. मोटार आता केवळ संस्थानिकांची राहिली नाही. वकील, डॉक्टर, सावकार आणि खासगी बसचे मालक तिचे धनी झाले. मराठी भाषेला ‘क्लीनर’ ऊर्फ ‘किन्नर’ हा एक नवा माणूसही मिळाला. हा पोरगा गाडी पुसे, पाणी घाली, पहाटे हँडल मारी. आणि चार-पाच वर्षांत ऐकून-पाहून मिस्त्री होई. या देशातील मोटार-विद्येचे खरे गुरुकुल म्हणजे बसच्या मागल्या शिडीवर लोंबकळणारा हा क्लीनर होय, आणि त्याची कोठे नोंद नाही.

हँडलाच्या विरुद्ध एवढे लिहिल्यावर त्याच्या बाजूनेही काही लिहिणे न्यायाचे आहे. ते जितके दुष्ट तितकेच प्रामाणिक होते. वैद्य जशी नाडी पाहतो तसे जाणता माणूस हँडलावरून इंजिनाची प्रकृती ओळखी. चार सिलिंडरांच्या इंजिनात दोन पूर्ण फेऱ्यांत चार वेळा दाब येतो, म्हणजे दर अर्ध्या फेरीला हाताला एक अडथळा जाणवला पाहिजे. चारांपैकी एक अडथळा पोकळ लागला की त्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह जळला आहे किंवा रिंग चिकटली आहे हे हातच सांगे. दोहोंपैकी नेमका दोष कोणता, हे ठरविण्यासाठी प्लग काढून त्या भोकातून चमचाभर तेल सोडीत. दाब सुधारला तर दोष रिंगचा, न सुधारला तर व्हॉल्व्हचा. सेल्फ आल्यावर मनगटे वाचली. पण हाताला कळणारी ही बातमी मात्र बंद झाली.

तिच्या जागी निराळ्या चिन्हांचे शास्त्र आले. जुन्या गाडीचा रोग ओळखण्याची जी पद्धत गॅरेजांत रूढ झाली ती अशी. प्रथम इंजिन फिरते की नाही हे पाहावयाचे. पुढचे दिवे लावून सेल्फ मारावा. दिवे मंद होऊन विझू लागले तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टोकांवर पांढरा-हिरवा क्षार साचला आहे; कैक वेळा चाकूने टोके खरवडून घट्ट आवळली की काम होते. दिवे जसेच्या तसे प्रखर राहिले आणि सेल्फ मुकाच राहिला, तर वीज तेथपर्यंत पोचतच नाही. तार, स्विच किंवा सेल्फचे ब्रश यांत दोष शोधावा. सेल्फ घरघर फिरतो पण इंजिन हलत नाही, तर ‘बेंडिक्स’ नावाचा दातेरी भाग गुंतलेला नाही. तोच भाग अडकून बसला असेल तर गाडी गिअरमध्ये घालून पुढे-मागे हलविली की खट् असा आवाज होऊन सुटतो.

इंजिन फिरते पण पेटत नाही, तर मग बेर्थाबाईंच्या वाटेने जावयाचे. प्लगची तार काढून तिचे टोक लोखंडापासून बोटाच्या पेराच्या निम्म्याहून कमी अंतरावर, कोरड्या फडक्याने धरून, सेल्फ मारावयाचा. निळी, कडकडीत ठिणगी पडली तर वीज ठीक. पिवळी, अशक्त पडली किंवा पडलीच नाही, तर डिस्ट्रिब्यूटरचे झाकण उघडावयाचे. आतील ‘पॉइंट’ काळे पडलेले, झिजलेले किंवा चिकटलेले आढळतात. त्यांच्यातील फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असावी लागते. पॉइंट वारंवार जळत असतील तर अपराधी बहुधा शेजारचा कंडेन्सर असतो, हे नवशिक्याला उशिरा कळते. पावसाळ्यात तर झाकणाच्या आतील दमटपणाच पुरतो. कोरड्या कापडाने पुसले की गाडी बोलू लागते.

ठिणगी आहे, मग पेट्रोल पाहावयाचे. प्लग काढला असता तो ओला आणि वासाचा निघाला तर पेट्रोल जास्त झाले आहे. चोक ओढून ओढून अधीर मालकानेच ते केलेले असते. थोडा वेळ थांबणे, प्लग पुसून वाळविणे आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारणे एवढाच उपाय. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल येतच नाही. टाकीतील गंज व कचरा नळीत किंवा कार्बुरेटरच्या जेटमध्ये बसलेला असतो. उन्हाळ्यात आणखी एक विकार होतो. मे महिन्यात दिवे घाट चढून वर आलेली गाडी माथ्यावर पाच मिनिटे थांबविली की तापलेल्या नळीतच पेट्रोलची वाफ होते, आणि पंप द्रवाऐवजी वाफ ओढू पाहतो. पंपावर ओले फडके टाकून स्वस्थ बसणे हे त्यावर औषध. या औषधाची चेष्टा करणारे पुष्कळ भेटतात, पण ते शास्त्रशुद्ध आहे.

धक्का मारणे हा आपला राष्ट्रीय उपचार. त्याच्याविषयी एवढेच सांगावयाचे की पूर्वीच्या मॅग्नेटोच्या गाडीला तो चाले, कारण रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ च्या सुमारास सिद्ध केलेला उच्च दाबाचा मॅग्नेटो ठिणगी स्वतःच निर्माण करी. त्याला बॅटरी लागत नसे. कॉइलच्या गाडीची बॅटरी अगदीच मेलेली असेल तर चारच काय, चौदा माणसांनी ढकलून फारसा उपयोग होत नाही. सेल्फच्या सुखाबरोबर गाडी बॅटरीची अंकित झाली ती कायमची.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तर गाडी सुरू करणे हे पुन्हा एक कर्मकांड होऊन बसले. पेट्रोलला रेशन लागले आणि बसगाड्यांच्या मागे कोळशाच्या गॅसच्या टाक्या आल्या. कोळसा कमी हवेत जाळून निघणारा गॅस गाळून इंजिनात सोडीत. पहाटे उठून विस्तव पेटवावयाचा, पंख्याने तो फुलवावयाचा, थोड्याशा पेट्रोलवर इंजिन जागे करावयाचे आणि मग गॅसवर घ्यावयाचे. कोळसा दमट निघाला, गाळणीत राख साचली किंवा एखाद्या सांध्यातून हवा आत शिरली की सगळे मुसळ केरात. शिवाय हा गॅस विषारी. बंद जागेत त्याने जीव जाण्याचे भय. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्याच्या एस. टी.ची पहिली गाडी निघाली तेव्हा हे दिवस लोकांच्या स्मरणात ताजे होते.

सोलापुरास जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली व तिचा कारखाना कुर्ल्यास उभा राहिला. तेथे पुढे फियाट गाड्या होऊ लागल्या. १९७४ च्या सुमारास त्यांतील एकीस ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ती हीच. वर सांगितलेले पॉइंट, कंडेन्सर, चोक यांचे सर्व शास्त्र तीन पिढ्यांतील मिस्त्री या गाडीवर शिकले. तिची शेवटची टॅक्सी २००३ साली नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरताच ऑक्टोबर २०२३ मध्ये ती मुंबईच्या रस्त्यांवरून उतरली. आता पद्मिनी हौशी लोकांच्या घरी आहे. कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपतींची जुनी मायबाख मोटार आजही मिरवणुकीत निघते. अशा गाड्या ऐन मुहूर्तावर सुरू व्हाव्यात म्हणून कोणी तरी जाणता माणूस आधी किती दिवस त्यांच्यापाशी बसला असेल, हे पाहणाऱ्यांना दिसत नाही. नव्या गाड्यांत पॉइंट नाहीत, कार्बुरेटर नाही; दोष संगणक सांगतो. त्यामुळे जुनी विद्या जाणणारे मिस्त्री वृद्ध होत चालले आहेत, आणि त्यांची मुले ती शिकत नाहीत. त्यांना दोष देता येत नाही. त्या विद्येवर आता पोट भरत नाही.

लोणी भापकरच्या वाटेवर थांबलेल्या त्या गाडीला आज एक नवाच विकार होण्याचा संभव आहे, आणि त्याचे मूळ फार दूर नाही. १८८५ च्या सुमारास झालेल्या नीरेच्या डाव्या कालव्याने बारामती तालुक्याच्या एका भागात पाणी आणले. त्या पाण्यावर ऊस आला, उसावर साखर कारखाने आले, आणि साखरेबरोबर मद्यार्कही आला. पेट्रोलात मद्यार्क मिसळण्याची कल्पना जुनीच आहे. १९४८ साली त्यासाठी ‘इंडियन पॉवर अल्कोहोल अ‍ॅक्ट’ झाला होता. परंतु हे मिश्रण शेकडा वीसपर्यंत पोचले ते २०२५ साली. मद्यार्क हवेतील ओल शोषून घेतो, टाकीच्या तळाचा जुना गाळ मोकळा करून जेटपर्यंत पोचवितो, आणि जुन्या गाडीच्या नळ्यांतील व पंपाच्या पडद्यातील रबर फुगवून मऊ करतो. महिनोन्‌महिने उभी असलेली जुनी मोटार ‘कालपर्यंत ठीक होती, आज का उचलत नाही’ अशी तक्रार घेऊन गॅरेजात येते, तेव्हा पूर्वी पॉइंटकडे आधी पाहणारा मिस्त्री हल्ली प्रथम पेट्रोलची नळी बोटांनी दाबून पाहतो. ती बोटाखाली चिकट व पिळवटल्यासारखी लागली तर तो नवी नळी घालतो, टाकी उतरवून धुतो, कार्बुरेटर उघडून जेटमधून फुंकर मारतो आणि मालकाला सांगतो की गाडी दर आठवड्याला थोडी तरी हिंडवून आणा.